पडद्यावर बोलते कोण?
(विचार करावयास लावणारे सहा अमेरिकन चित्रपट)

चित्रपट म्हणजे घटकाभराची करमणूक, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन-अडीच तास आपल्या विवंचना विसराव्याशा वाटल्या, तर त्यात गैर काही नाही. परंतु काही चित्रपट असे असतात की, ते संपतात, आपण घरी येतो, जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये उभ्या उभ्या पुन्हा त्यांचाच विचार करू लागतो. अमक्याने तसे का केले? आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते? असे प्रश्न जो चित्रपट मनात सोडून जातो, त्याला आम्ही विचारप्रवर्तक चित्रपट म्हणतो.

अशा सहा अमेरिकन चित्रपटांची ओळख आम्ही या लेखात करून देणार आहोत. ही निवड आमच्या आवडीची आहे. हेच सहा सर्वश्रेष्ठ, असा आमचा दावा नाही. मात्र निवड करताना आम्ही एक प्रश्न समोर ठेवला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, तो माणूस या चित्रपटात स्वतः बोलतो काय? की त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलतो? हा प्रश्न आम्हाला कसा सुचला, ते पुढे ओघाने येईलच.

बाबासाहेबांचे न्यूयॉर्क आणि १९१५ चा एक चित्रपट

अमेरिकन चित्रपटच का निवडले, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१५ साली त्यांनी तेथे एम. ए. पदवी मिळविली. नेमक्या याच वर्षी मार्च महिन्यात त्याच शहरात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट झळकला आणि अनेक महिने गर्दी खेचत राहिला.

चित्रपटाच्या तंत्राच्या दृष्टीने हा बोलपट-पूर्व काळातील एक मोठा टप्पा मानला जातो. पण त्यात सांगितले काय होते? गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक म्हणजे आळशी, उद्धट आणि गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूवर टपलेले. आणि पांढरे बुरखे घालून त्यांचे खून पाडणारी 'कू क्लक्स क्लॅन' ही टोळी म्हणजे देशाची तारणहार! महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिकाही गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, त्याचा खेळ झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यात ही मोडकळीस आलेली टोळी नव्याने उभी राहिली. पडद्यावरील खोट्या गोष्टीने प्रत्यक्षातील माणसे मारता येतात, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

या चित्रपटाविरुद्ध १९०९ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संस्थेने रान उठविले. तिच्या 'द क्रायसिस' या मुखपत्राचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, तेच हे ड्यू बॉईस. आपल्या माणसांविषयी दुसरेच लिहितात, दुसरेच बोलतात, म्हणून आपले मुखपत्र आपण काढावे, ही गरज तेथेही होती आणि येथेही होती. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या पाक्षिकाला बाबासाहेबांनी 'मूकनायक' असे नाव दिले, यातच सारे आले.

पुढची पंचवीस वर्षे हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय नटनट्यांच्या वाट्याला प्रामुख्याने नोकर आणि मोलकरीण याच भूमिका आल्या. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातील अशाच भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. ऑस्कर मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या समारंभात तिला आपल्या सहकलाकारांबरोबर बसता आले नाही. तिचे टेबल भिंतीकडेला वेगळे मांडले होते. बक्षीस दिले, पण पंगत वेगळीच ठेवली. ही गोष्ट आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

१. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७)

दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांचा हा पहिला चित्रपट. अवघ्या ९६ मिनिटांचा, आणि जवळजवळ संपूर्ण एका खोलीत घडणारा. झोपडवस्तीतील अठरा वर्षांच्या एका मुलावर बापाचा खून केल्याचा आरोप आहे. साक्षीपुरावे संपले आहेत. बारा ज्युरींनी एकमताने निर्णय द्यायचा आहे. दोषी ठरला तर मुलाला देहदंड. (आपल्याकडे फौजदारी खटल्यांत आता ज्युरी नाहीत, अमेरिकेत ही पद्धत आजही आहे.)

उकाड्याचा दिवस आहे. कोणाला सामना पाहायला जायची घाई, कोणाला धंद्याची काळजी. पहिल्याच मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात. एकटा आठ क्रमांकाचा ज्युरी, म्हणजे हेन्री फोंडा, हात वर करीत नाही. मुलगा निर्दोष आहे, असेही तो म्हणत नाही. त्याचे म्हणणे इतकेच की, एका माणसाचा जीव घेण्यापूर्वी आपण थोडे बोलू तरी या.

मग एकेक पुरावा तपासला जातो. खुनातील चाकू दुर्मिळ, असे सरकारी वकिलाने सांगितलेले असते. हा गृहस्थ तसाच चाकू खिशातून काढून टेबलात रोवतो. पंधरा सेकंदांत दारापर्यंत गेलो, असे सांगणारा म्हातारा साक्षीदार पायाने अधू. त्याची चाल खोलीत चालून मोजली, तर ४१ सेकंद लागतात. खून डोळ्यांनी पाहिला म्हणणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते, हे एका म्हाताऱ्या ज्युरीला आठवते. झोपताना चष्मा कोण लावतो?

भगवान बुद्धांनी कालामांना काय उपदेश केला, हे आपण जाणतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः तपासून पाहा. हा उपदेश व्यवहारात कसा आणावा, हे पाहावयाचे असेल तर आम्ही हा चित्रपट दाखवू. यातील एक प्रसंग विशेष मननीय आहे. एक ज्युरी 'ती माणसे सगळी तसलीच' अशी गरळ ओकू लागतो, तेव्हा बाकीचे एकेक करून उठतात आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. वाद नाही, मारामारी नाही, नुसती पाठ. तो बोलत राहतो आणि बोलता बोलता त्याचाच आवाज खचत जातो. 'ती माणसे' म्हणजे कोण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. सांगण्याची आवश्यकताही नाही.

आपल्याकडे याच कथेवरून बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट केला. इंग्रजीची अडचण वाटणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्याच्या जिवाचा हा प्रश्न, तो मुलगा चित्रपटात फक्त एकदा, काही क्षण दिसतो. तो एक शब्दही बोलत नाही.

२. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२)

हार्पर ली या लेखिकेच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरील हा चित्रपट रॉबर्ट मलिगन यांनी दिग्दर्शित केला. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. स्थळ दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील एक लहान गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. त्याचे वकीलपत्र घेतात अॅटिकस फिंच हे गोरे, सज्जन वकील. ही भूमिका ग्रेगरी पेक यांनी केली आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. खटला येथेच संपावयास हवा. परंतु उलटतपासणीत टॉम सांगून जातो की, आपण त्या मुलीला मदत केली, कारण आपल्याला तिची कीव आली. या उत्तराने न्यायालयात शांतता पसरते. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करावी! त्या समाजाच्या लेखी याहून मोठा गुन्हा नव्हता. सर्व गोऱ्या पुरुषांची ज्युरी टॉमला दोषी ठरविते. पुढे तो पळताना गोळी लागून मेल्याचे आपण अॅटिकसच्या तोंडून ऐकतो.

निकालानंतर सज्जात वेगळे बसविलेले कृष्णवर्णीय लोक अॅटिकस बाहेर जाताना मूकपणे उठून उभे राहतात. हा प्रसंग आम्ही प्रथम पाहिला, तेव्हा आमचे डोळे भरून आले होते, हे आम्ही लपवीत नाही. कित्येक वर्षे आम्ही हा चित्रपट आदर्श म्हणून लोकांना सांगत आलो.

एकदा विहारात तरुण मंडळींसमवेत तो पाहिला. नंतर चर्चा सुरू झाली. वकील किती थोर, मुलांना किती चांगले वळण लावतो, असे सगळे बोलत होते. कॉलेजात शिकणारी एक मुलगी तोपर्यंत गप्प होती. तिने विचारले, "टॉमच्या बायकोचं पुढं काय झालं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. अॅटिकसचे घर, त्याचा व्हरांडा, त्याची मुले, शेजारीपाजारी, सारे आम्हाला पाठ होते. टॉम घरी कसा बोलतो, त्याची मुले काय खेळतात, तुरुंगात रात्री त्याच्या मनात काय चालले होते, यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. कारण ते चित्रपटात जवळजवळ नाहीच. आणि इतक्या वर्षांत आम्हाला ते जाणवलेही नव्हते! आम्ही स्वतः गावकुसाबाहेरच्या घरात जन्मलेलो असूनही चित्रपट पाहताना मात्र वकिलाच्या व्हरांड्यातच बसलो होतो.

त्या दिवसापासून आम्ही चित्रपट पाहण्याची आपली रीत बदलली. 'मॉकिंगबर्ड' वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो थोर चित्रपट आहे आणि त्या काळी तो काढणे धैर्याचे होते. परंतु सज्जन माणसाने केलेला उपकार वेगळा आणि माणसाचा हक्क वेगळा. आपल्या चळवळीला हा फरक पूर्वीपासून ठाऊक आहे. पुढील चार चित्रपट आम्ही त्या दृष्टीने निवडले आहेत.

३. 'सॉल्ट ऑफ द अर्थ' (१९५४)

हा चित्रपट काळाने आधीचा, पण विचाराने पुढचा. न्यू मेक्सिको राज्यात १९५० ते १९५२ या काळात जस्ताच्या खाणीतील मेक्सिकन वंशाच्या कामगारांनी केलेल्या संपावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून झालेल्या चौकशीत उत्तरे नाकारल्यामुळे तुरुंगात जाऊन आलेले. हॉलिवूडने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळ्या यादीत टाकले होते. म्हणून त्यांनी खाण कामगारांनाच नट केले. नायकाची भूमिका करणारे हुआन चाकोन हे प्रत्यक्षात त्या कामगार संघटनेचे नेते. नायिका रोझौरा रेव्हुएल्टास यांना चित्रीकरण चालू असतानाच सरकारने अटक केली व त्यांना मेक्सिकोला परतावे लागले. चित्रपट पुरा झाल्यावर चालकांच्या संघटनेने तो दाखविण्यास नकार दिला आणि मोजक्याच चित्रपटगृहांत तो लागू शकला. पुढे १९९२ साली त्याच अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला.

कथा सांगते एस्पेरान्झा, म्हणजे एका कामगाराची बायको. गोऱ्या खाणकामगारांना जोडीने काम मिळते, मेक्सिकनांना एकट्याने सुरुंग लावावे लागतात. ही असमानता दूर व्हावी, ही पुरुषांची मागणी. बायकांची मागणी आहे घरात नळ, गरम पाणी आणि सांडपाण्याची सोय. पुरुष म्हणतात, ते नंतर बघू. आधी महत्त्वाच्या मागण्या!

मग न्यायालय संपकरी कामगारांना खाणीपुढे निदर्शने करण्यास मनाई करते. मनाई कामगारांना आहे, त्यांच्या बायकांना नाही. सभेत वादळी चर्चा होते आणि बायका निदर्शनाच्या रांगेत उभ्या राहतात. अश्रुधूर सोसतात, लेकरांसह तुरुंगात जातात. इकडे पुरुषांवर लाकडे फोडण्याची, पाणी तापविण्याची, कपडे धुण्याची वेळ येते आणि नळाची मागणी महत्त्वाची का, हे त्यांना दोन दिवसांत कळते. एस्पेरान्झा नवऱ्याला विचारते की, गोरा मालक तुला पायाखाली ठेवतो म्हणून तू लढतोस, मग तू मला पायाखाली का ठेवतोस? तो हात उगारतो. ती मागे सरत नाही.

समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा विचार बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत मांडला होता. आपण जयंतीला तो व्यासपीठावरून सांगतो. पण सभा संपल्यावर खुर्च्या कोण उचलतो आणि भांडी कोण घासते, हे प्रत्येकाने पाहावे. हा ९४ मिनिटांचा चित्रपट आपल्या प्रत्येक महिला मंडळाने, आणि त्याहीपेक्षा प्रत्येक कार्यकारिणीने, एकदा तरी पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

४. 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७)

मिसिसिपी राज्यातील स्पार्टा नावाचे एक गाव. एका गोऱ्या उद्योजकाचा खून होतो. रात्री रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला पोलीस पकडून आणतात. पाकिटात पैसे सापडले, एवढाच पुरावा. तो माणूस निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्ज, खुनाच्या तपासातील तज्ज्ञ! दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. टिब्जच्या भूमिकेत सिडनी पॉइटिए, तर गावच्या पोलीस प्रमुखाच्या भूमिकेत रॉड स्टायगर.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाच्या नावामागे 'मिस्टर' लावीत नसत. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यालाही 'बॉय' म्हणजे 'पोऱ्या' अशी हाक मारीत. आपल्याकडे आपल्या आजोबा-पणजोबांची नावे कशी मोडून घेतली जात, ते आठवावे. पोलीस प्रमुख टिब्जला कुत्सितपणे विचारतो, तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात? टिब्जचे उत्तर अमेरिकेत म्हणीसारखे झाले. तिकडे आपल्याला 'मिस्टर टिब्ज' म्हणतात, एवढेच तो ठणकावून सांगतो.

दुसरा प्रसंग एका बड्या कापूस-जमीनदाराच्या घरचा. प्रश्न विचारल्याचा राग येऊन जमीनदार टिब्जच्या थोबाडीत मारतो. टिब्ज त्याच क्षणी उलट थोबाडीत देतो. अमेरिकेच्या मोठ्या पडद्यावर लोकांनी असे काही क्वचितच पाहिले होते. चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण मिसिसिपीत नव्हे, तर उत्तरेकडील इलिनॉय राज्यात झाले. कारण दक्षिणेत जाणे पॉइटिए यांना सुरक्षित वाटत नव्हते. पडद्यावर थोबाडीत मारणाऱ्या नटाला त्या गावी प्रत्यक्षात पाऊल ठेवणे धोक्याचे होते.

हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही; भगवान बुद्धांच्या अनुयायाला ते शोभणारही नाही. आमच्या मते टिब्जचे खरे उत्तर ती थप्पड नसून त्याची विद्या आहे. मृताचे शरीर पाहून वेळ सांगणारा, हात तपासून आरोपीला निर्दोष ठरविणारा त्या गावात तो एकटाच असतो. ज्यांना तो डोळ्यांसमोर नको, त्यांनाच त्याच्यावाचून गत्यंतर नसते. शिक्षणाने माणूस कोठे उभा राहतो, ते यात दिसते.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यामुळे तो समारंभ दोन दिवस पुढे ढकलण्यात आला होता. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक स्टायगर यांना मिळाले. पॉइटिए यांचे नाव नामांकनातही नव्हते.

५. 'डू द राइट थिंग' (१९८९)

येथवरच्या चित्रपटांचे दिग्दर्शक गोरे होते. या चित्रपटाचे लेखक, दिग्दर्शक आणि एक प्रमुख नट, तिन्ही स्पाईक ली हे कृष्णवर्णीय कलावंत आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका गल्लीत, उन्हाळ्याच्या एकाच दिवसात कथा घडते. गल्लीत सॅल नावाच्या इटालियन वंशाच्या गोऱ्या माणसाचे पिझ्झाचे दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक सारे काळे. भिंतीवर फोटो मात्र सगळे इटालियन वंशाच्या नामवंतांचे.

एक तरुण विचारतो, आम्ही येथे रोज पैसे खर्च करतो, मग भिंतीवर आमच्या माणसाचा एकही फोटो का नाही? सॅल म्हणतो, दुकान माझे, भिंत माझी. भांडण एवढ्याशा गोष्टीवरून सुरू होते. संध्याकाळपर्यंत ते इतके वाढते की, सॅल एका तरुणाचा रेडिओ फोडतो, हाणामारी होते, पोलीस येतात आणि त्या रेडिओवाल्या तरुणाला दंडुक्याने गळा आवळून ठार मारतात. मग सॅलकडे काम करणारा मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो. दुकान पेटते. जळत्या भिंतीवर एक जण मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांचा एकत्र फोटो लावतो.

एका फोटोसाठी एवढे? असे अनेक प्रेक्षकांनी विचारले असेल. आपल्या वाचकांना तो प्रश्न पडणार नाही. भिंतीवर, चौकात, पाटीवर कोणाचे नाव व कोणाची प्रतिमा असावी, हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे ज्यांच्या प्रतिमा सगळीकडे आहेत तेच म्हणू शकतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जण प्राणास मुकले. ते आम्ही विसरलेलो नाही.

परंतु हा चित्रपट आपल्याला खुश करण्यासाठी काढलेला नाही, हे त्याचे मोठेपण. सॅल राक्षस नाही. गल्लीतली मुले आपल्या डोळ्यांदेखत मोठी झाली, याचा त्याला अभिमान आहे. मूकीने केले ते योग्य की अयोग्य, हे दिग्दर्शक सांगत नाही. शेवटी पडद्यावर दोन अवतरणे येतात. अहिंसेचा आग्रह धरणारे एक किंग यांचे, आणि आत्मसंरक्षणाचा हक्क सांगणारे दुसरे माल्कम एक्स यांचे. निवाडा आपण करायचा. मात्र एक पाहावे. जळालेल्या दुकानाविषयी बोलणारा माणूस मेलेल्या तरुणाविषयी बोलतो की नाही? (भाषा शिवराळ आहे, लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये.)

६. 'ओरिजिन' (२०२३)

शेवटचा चित्रपट आपल्या अगदी घरचा आहे. इझाबेल विल्करसन या कृष्णवर्णीय पत्रकार-लेखिकेने २०२० साली 'कास्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील वर्णभेद, जर्मनीतील ज्यूंचा छळ आणि भारतातील जातिव्यवस्था यांची मुळे त्यांनी त्यात एकत्र तपासली. तो ग्रंथ कसा घडला, याची कथा एव्हा ड्यूव्हर्ने या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने या चित्रपटात सांगितली आहे. लेखिकेची भूमिका ऑनजान्यू एलिस-टेलर यांनी केली आहे. लेखिका दिल्लीला येते. आपल्या नांदेडचे अभ्यासक सूरज एंगडे या चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. आणि पडद्यावर डॉ. आंबेडकर दिसतात! ती भूमिका गौरव पठानिया यांनी केली आहे.

यातील एक प्रसंग ओहायो राज्यात १९५१ साली प्रत्यक्ष घडलेला आहे. मुलांचा एक बेसबॉल संघ स्पर्धा जिंकतो आणि आनंद साजरा करण्यासाठी पोहण्याच्या तलावावर जातो. संघात एकच मुलगा काळा. त्याला कुंपणाबाहेर बसवतात. मोठी माणसे रदबदली करतात, तेव्हा तलाव रिकामा केला जातो, त्या मुलाला हवेच्या तराफ्यावर बसवितात आणि जीवरक्षक तो तराफा एकदा तलावभर ओढून आणतो. ओढताना मुलाला एकच ताकीद दिली जाते. पाण्याला हात लावायचा नाही.

हा प्रसंग पाहताना ज्याला महाडचे चवदार तळे आठवणार नाही, असा आपला वाचक नसेल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेले पाणी आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी हजारो मैलांवर एका मुलाला शिवू न दिलेले पाणी! पाणी तेच, आणि त्याला विटाळणारे मनही तेच.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. वंशभेद आणि जातिभेद या एकच गोष्टी नव्हेत. जात ही वंशावरून पडलेली विभागणी नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते. कोलंबियातच ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनात जातीचे मूळ आहे, हे त्यांनी दाखवून दिले. काळा माणूस रंगावरून दुरून ओळखता येतो. आपल्याकडे आडनाव, गाव आणि गल्ली विचारून माणूस 'ओळखला' जातो. चित्रपट पाहून चर्चा करताना हा फरक तरुणांना समजावून द्यावा.

पाहावे कसे?

हे चित्रपट पाहण्यासाठी आता फारशी यातायात करावी लागत नाही. विहाराच्या सभागृहात महिन्यातून एक रविवार ठरवावा. इंग्रजी संवाद पडद्यावर अक्षरांत उमटण्याची सोय असते. एखाद्या जाणकाराने मध्येच थांबवून मराठीत अर्थ सांगितला, तर ज्येष्ठ उपासक-उपासिकाही सहभागी होऊ शकतात. चित्रपट संपताच लगेच दिवे लावून चहा वाटू नये. पाच मिनिटे शांत बसावे. नंतर तीन प्रश्न घ्यावेत. या कथेत दुःख कोणाचे आहे? बोलते कोण? आणि जो बोलला नाही, त्याला बोलता आले असते तर तो काय म्हणाला असता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मुलींना आणि लहानांना देऊ द्यावे. आमचा अनुभव असा की, आम्हा वडीलधाऱ्यांना जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते त्यांना पहिल्या खेपेस दिसते.

१९१५ साली एक भारतीय विद्यार्थी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात तासन् तास वाचीत होता आणि त्याच शहरातील पडद्यावर गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची विटंबना करीत होते. २०२३ साली एका कृष्णवर्णीय स्त्रीने काढलेल्या अमेरिकन चित्रपटात तोच विद्यार्थी सन्मानाने अवतरला. या एकशे आठ वर्षांत पडदा तोच राहिला, बोलणारी माणसे बदलली. ती आपोआप बदलली नाहीत. कोणीतरी शिकले, कोणीतरी रांगेत उभे राहिले, कोणीतरी भिंतीवर फोटो का नाही म्हणून विचारले.

आणि कोणीतरी विहारात हात वर करून विचारले, टॉमच्या बायकोचं पुढं काय झालं? ती गोष्ट अजून कोणी पडद्यावर आणलेली नाही. आपल्याकडेही अशा किती 'टॉमच्या बायका' आपापल्या गोष्टी पोटात घेऊन बसल्या आहेत! त्या गोष्टी लिहिणारे, त्यांचे चित्रपट करणारे हात आपल्याच वस्तीतून पुढे यावेत, हीच मंगल कामना.

जय भीम!